फाटकाला आतून कुलूप

"अगं ए, माझा टावेल कुठं हाय?"

संतोषची हाक आली आणि सिंधूच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीच्या कडेवर पडली. छातीत धडधड सुरू झाली.

"तुमच्या खांद्यावर हाय."

संतोषनं खांदा चाचपला. "मग आधी सांगायचं ना!"

ही धडधड दिवाळीपासूनची. सायखेड्याजवळच्या त्या वस्तीवर घर सासऱ्याच्या नावावर होतं, द्राक्षबाग नवऱ्याच्या, आणि बोलणी तेवढी सिंधूच्या नावावर. बांगड्या भरायच्या तर विचारून, माहेरी जायचं तर विचारून. दूध नासलं तर मात्र कुणी विचारायला थांबत नसे. नासवणारी ठरलेली होती.

सासूनं, यशोदाबाईनं, मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. धुरानं सगळं घर खोकलं, गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली, धडधड जागच्या जागी. मग संतोषनं तिला डॉक्टरकडे नेलं. छातीचा आलेख स्वच्छ निघाला.

"कसली काळजी वाटते का?" डॉक्टरनं सिंधूला विचारलं.

"तिला कसली काळजी? सगळं मी बघतो," संतोष म्हणाला.

"मी त्यांना विचारतोय."

"तेच सांगतोय ना, तिच्या वतीनं!"

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. सुनेला त्या बाधू नयेत म्हणून यशोदाबाईनं आधी एक स्वतः खाऊन बघितली. झोप इतकी छान लागली, की उरलेल्याही तिनंच संपवल्या.

मार्च संपत आला. द्राक्षं उतरली, बाग मोकळी झाली, काळ्या रानाला भेगा पडू लागल्या. महेश सर बाग बघायला आले. संतोष देवाचं एखाद वेळी टाळील, पण या बागेच्या सल्लागाराचा शब्द खाली पडू देत नसे. बाग बघून झाली तसा तो म्हणाला, "सर, आलाच हाय तर आमच्या घरातल्यांना बी बघा." आणि त्यानं सिंधूला दोन ओळींच्या मधे उभं केलं.

सर दचकले. "अहो संतोषभाऊ, मी द्राक्षाचा माणूस!"

"मग काय झालं? बाग बी अशीच कोमेजती. पान, देठ, मुळी, तुम्ही बघता तसं बघा."

सरांनी कपाळाचा घाम पुसला. "वहिनी, काय होतं तुम्हाला?"

सिंधूनं सवयीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं सवयीनं तोंड उघडलं. सरांनी हात वर केला. "एका वेलीचा रोग मी शेजारच्या वेलीला विचारत नसतो."

"हाक आली का धडधडतं," सिंधू हळूच म्हणाली. "कुणाची बी. काल कुकरची शिट्टी झाली, तर मी 'आले, आले' म्हणत पळाले."

संतोष हसला. सर हसले नाहीत. "माल उतरल्यावर बागेला काय देता?"

"इसावा."

"वहिनींना शेवटचा कधी दिलाय?"

संतोषनं मनापासून आठवलं. "धाकट्याच्या बाळंतपणात... नाय, तवा कांदा काढणीला आलता."

"मग रोज दुपारी तासभर द्या. खत नको, पाणी नको, हाक नको."

दुसऱ्या दुपारी द्राक्षाच्या मांडवाखाली बाज पडली. पाखरं येऊ नयेत म्हणून संतोषनं वरून जाळी बांधली. सिंधूला आडवं केलं आणि स्वतः काठी घेऊन उशाशी पालथ्या बादलीवर बसला.

"आला का?"

"काय?"

"इसावा."

बांधावरून म्हातारा गेणू चालला होता. संतोष ओरडला, "गेणूबाबा, पाय हळू टाका, इसावा चालू हाय!" गेणूनं ही बातमी वस्तीभर केली. बघता बघता माणसं जमली. सासरे धोंडीराम खुर्ची टाकून बसले. गेणूनं विचारलं, "फवारणी बी करायची का?"

जाळीखाली सिंधूची छाती नुसती घणासारखी वाजत होती.

"आज फरक नाय पडला तर सरांना सांगून टाकतो," संतोष लोकांना म्हणाला. "हिला लागू होत नाय म्हणून."

ते ऐकून सिंधू उठून बसली. मिळालेला तास मिळायच्या आधीच चालला होता. "अहो, बाग इसाव्याला असली का तुम्ही काय करता?"

"फाटक लावतो. माणूस काय, जनावर बी आत घेत नाय."

"मग तुम्ही दोन्हीतलं कोण?"

लोक फिदीफिदी हसले. संतोषनं विचार केला, आणि नियम तो नियम म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. शेवटी स्वतः निघाला. तो कुलूप लावणार, तेवढ्यात सिंधूनं ते त्याच्या हातातून घेतलं, आतून लावलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

मांडवाखाली पानांतून ऊन गाळून येत होतं. तापलेल्या मातीचा वास होता. थोड्या वेळानं घराकडून हाक आली, "अगं ए!" छाती धडधडली. सिंधू 'आले' म्हणाली नाही. पुन्हा हाक आली. छाती धडधडली, पण जरा आळसावून.

मग फाटक वाजलं. "सिंधे."

यशोदाबाई उभी होती. सिंधू धडपडत गेली. "आत्याबाई, च्या ठेवायचा का?"

"च्या नको. कुलूप काढ."

"पर तास नाय झाला अजून."

"म्हणून तर आले." सासूनं मागं वळून बघितलं, आवाज खाली आणला. "माझं बी धडधडतंय. लगीन झाल्यापास्नं. मला वाटलं, बाईमाणसाचं तसंच असतंय."

सिंधूनं गाठ सोडली. सासू आत आली, कुलूप पुन्हा लागलं. एका बाजेवर दोघी उलटसुलट आडव्या झाल्या.

"सरक जरा," सासू म्हणाली. सिंधू सरकली.

तेवढ्यात घराकडून बापलेक एका सुरात ओरडले, "अगं ए! च्या कोण ठेवणार?"

दोघी ताडकन उठून बसल्या. एकमेकींकडे बघितलं.

"तुला बोलवतायत," यशोदाबाई म्हणाली.

"नाय, तुम्हाला."

नक्की कुणाला, ते कळायला मार्ग नव्हता. दोघींना घरात हाक एकच होती.

"नाव घेऊन बोलावू दे, मग बघू," यशोदाबाई म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

बाहेर बराच वेळ काही आवाज आला नाही. बापलेक बहुधा नावं आठवत होते.