सर्वेअरची हिरवी गाडी

"आज साहेब नाही आले?" पेट्रोल पंपावरच्या माणसानं विचारलं आणि सरळ गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन टाकीचं झाकण उघडलं. ते कुठे असतं हे त्याला सांगावं लागलं नाही. सिस्टरला मात्र निघण्याआधी ते झाकण शोधायला गाडीभोवती दोन चकरा माराव्या लागल्या होत्या.

"कुठले साहेब?"

"या गाडीचे हो. गुरुवारी सकाळी यायचे ना. बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत. तुम्ही त्यांच्या...?"

"बायको." सिस्टरनं स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "ते गेले. उन्हाळ्यात."

तो नळी धरून तसाच उभा राहिला. "अरेरे. मला वाटलं, गाडी विकली असेल. फार मजेदार माणूस. इथे आले की पाच मिनिटं तरी आम्हाला हसवल्याशिवाय जायचे नाहीत."

सिस्टरला वाटलं, याची काहीतरी गल्लत होते आहे. पण अशी गाडी शहरात दुसरी नव्हती.

तिचा नवरा विमा कंपनीत सर्वेअर होता. अपघातात चेपलेल्या, उलटलेल्या, जळलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती ते ठरवायचं, यात त्याचा जन्म गेला. ती दवाखान्यात नर्स होती. आळीत त्याला सर्वेअर आणि तिला सिस्टर याच नावानं ओळखत. ही दोन सीटची हिरवी स्पोर्ट्स कार त्यानं अशाच भंगारातून आणली होती. तेव्हा तिचं नाक आत गेलेलं होतं आणि छप्पर नव्हतंच. सुट्टीच्या दिवशी तो गॅरेजमध्ये शिरायचा तो जेवायला हाक मारली तरी बाहेर यायचा नाही. गाडी उभी राहीपर्यंत मुलगा कॉलेजात गेला होता. तोवर असल्या गाड्या जगात मोजक्याच उरल्या, आणि शौकीन लोक कुठून कुठून येऊन ती बघून जाऊ लागले. मग सर्वेअरनं तिच्यावर सुती आच्छादन घातलं.

"एकदा फिरवून तरी आणा," सिस्टर म्हणायची.

"ही रस्त्यावर काढायची वस्तू नाही. मी रोज बघतो ना, रस्त्यावर काय होतं ते. एक ओरखडा पडला की संपलं सगळं."

तिनं ते मान्य केलं होतं. घरात तो मुळातच कमी बोलायचा. तिची रात्रपाळी, त्याची दिवसाची नोकरी. पुढे तो निवृत्त झाला तरी तिच्या पाळ्या चालूच होत्या. बुधवारची रात्र तर कायमची ठरलेली. गुरुवारी सकाळी ती घरी यायची, जाड पडदे ओढायची आणि मेल्यासारखी झोपायची.

गाडीला आता गिऱ्हाईक आलं होतं. मुलानं परगावाहून फोनवरच सगळं ठरवलं. उद्या माणूस बघायला येणार, टाकीत थोडं पेट्रोल असू दे, इंजिन सुरू करून दाखवावं लागेल, म्हणाला. पंप कोपऱ्यावरच होता. इतकी वर्षं बंद असलेली गाडी सुरू व्हायला कुरकुर करणार असं धरून ती बसली होती, पण किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन जागं झालं होतं. तेव्हाच तिला काहीतरी खटकलं होतं.

"एकटेच यायचे?" तिनं विचारलं.

"एकटेच. कायम."

तिला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली. आणि मग वाटलं, कुणी बरोबर असती तर निदान रागावता तरी आलं असतं.

"इथून कुठे जायचे, माहीत आहे?"

"जुन्या रस्त्यानं. पुलापलीकडे चहाचं दुकान आहे, तिथपर्यंत. तिथल्या बाईचं नाव घ्यायचे नेहमी."

घरी जायला डावीकडे वळायचं होतं. सिस्टर उजवीकडे वळली.

क्लच जड होता. दवाखान्यात जायच्या तिच्या छोट्या गाडीची सवय इथे कामाची नव्हती. चौकात सगळे वळून बघत होते. शेजारच्या मोटारसायकलवरच्यानं अंगठा उंचावून दाद दिली, तीही गाडीला. शहर मागे पडलं तशी ती थोडी सैलावली. वारा कानात शिरत होता. रस्ता इतका जवळून पळत होता की हात खाली सोडला असता तर टेकला असता. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि बॉनेटवर टणकन आपटला. तिनं गाडी बाजूला घेतली, उतरली, पाहिलं. हिरव्या रंगावर नखाएवढा पांढरा टवका. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. काहीच संपलं नाही. ती पुन्हा आत बसली.

चहाच्या दुकानातली बाई आवाज ऐकूनच बाहेर आली होती. सिस्टरला बघून तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. सांगावं लागलं नाही. दवाखान्यात चाळीस वर्षं नातेवाइकांना अशा बातम्या दिल्यावर, त्या आपल्या चेहऱ्यावर आधीच दिसतात हे सिस्टरला ठाऊक होतं.

"बसा," बाई म्हणाली. चहा ठेवला आणि बराच वेळ स्टोव्हशीच खुडबुड केली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही सिस्टर ना? रात्रपाळीवाल्या?"

"माझं नाव काढायचे?"

"म्हणजे काय! बायको झोपलीय, दार हळू लावून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत आणलीय, म्हणायचे. मी म्हटलं, अहो आणा की त्यांना एकदा. तर म्हणाले, तिची झोप होत नाही."

"माझी झोप." सिस्टर हसली, पण ते हसणं तिलाच बरं वाटलं नाही. "मला म्हणायचे, गाडी जागची हलवायची नाही."

बाईनं कप पुढे सरकवला. बोलावं की नाही असा विचार करत राहिली. "एकदा मी फारच मागे लागले, तेव्हा म्हणाले, आता कसं सांगू? पहिल्या दिवशीच सांगायचं राहिलं. मग दर वेळी आणखी अवघड होत गेलं."

सिस्टरनं चहा घेतला. साखर जास्त होती. सर्वेअरला तर डॉक्टरांनी साखर बंद केली होती.

तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"आई, तू गाडी बाहेर काढलीस? माझ्या मित्रानं चौकातून फोटो पाठवलाय. अगं, एखादा दगड लागला तर?"

"लागलाय."

"आई! उद्या माणूस येतोय!"

"त्याला सांग, येऊ नकोस म्हणावं."

"मग ठेवून काय करणार आहेस?"

"ठेवणार नाही. चालवणार."

"एकटी?"

"तुझे बाबाही एकटेच चालवायचे. दर गुरुवारी."

"बाबा?" मुलगा म्हणाला. " मला तर त्यांनी दाराला हातसुद्धा लावू दिला नाही."

"मलाही नाही, राजा."

"कुठे जायचे?"

"चहा प्यायला."

"फक्त चहा प्यायला?" तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. दोघांनीही फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाला, "सांभाळून चालव."

ती उठली. "इथून पुढे कुठे जातो हा रस्ता?"

"तळ्याकडे. पण साहेब इथूनच वळायचे. पुढे खडी उखडलीय. गाडीचं पोट घासेल म्हणायचे."

"घासू दे," सिस्टर म्हणाली.

गाडीचं पोट खरंच घासलं. पहिल्यांदा घासलं तेव्हा तिनं दात आवळले, नंतर आवळायचं सोडून दिलं. झुडपांच्या फांद्या दारांवर ओरखडत गेल्या. रस्ता संपला तिथे पाणी होतं, करडं आणि स्थिर, आणि काठावर कुणीही नव्हतं. बोलायला कुणी असतं तर ती काय बोलली असती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिनं इंजिन बंद केलं. शांततेत तापलेल्या लोखंडातून टिक टिक आवाज येऊ लागला. ती खाली उतरली आणि बॉनेटवर तळहात ठेवला, रोज रात्री कुणाच्या ना कुणाच्या कपाळावर ठेवायची तसा. चटका बसत होता. तिनं हात उचलला नाही. आवाज हळूहळू विरळ होत गेला, ऊब ओसरत गेली. पत्रा पार गार होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.