आठ आठवडे, एकच पॉड

सुनेत्रा कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघते. दुकानातलं पातेलं असो, कोणी दिलेली भेट असो, नाहीतर लेकीच्या, ऊर्मीच्या लग्नात व्याह्यांनी केलेला आहेर असो, जोड कुठे आहे आणि कड कशी मारली आहे हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. व्याह्यांना ते आवडलं नव्हतं. पण भोसरीतल्या पंपांच्या कारखान्यात तिने तपासणी विभागात वीस वर्षं काढली होती आणि तिची सही झाल्याशिवाय तिथला एकही पंप गेटबाहेर पडत नसे. अशा बाईला आहेर नुसता घडी घालून कपाटात ठेवता येत नाही. शैलेंद्र त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता. त्याची ड्रॉइंग्ज ती लाल पेनने भरून परत पाठवायची आणि तो ती घेऊन तावातावाने भांडायला यायचा, अशी त्यांची ओळख. रोज खाली उतरून भांडायचा कंटाळा आला म्हणून लग्न केलं, असं तो पाहुण्यांना सांगतो.

कॅनडात, कॅल्गरीला आल्यावर त्याला पाइपलाइनच्या कंपनीत काम मिळालं. तिला मिळालं ते ग्रोसरी स्टोअरच्या बेकरीत, पाव पिशव्यांत भरायचं. तिच्या वीस वर्षांच्या सह्या इथे कोणाला वाचता येत नव्हत्या. सतरा वर्षांत तिला कोणी काहीही तपासायला दिलं नाही. ती आपली खालून करपलेले पाव गुपचूप बाजूला काढत राहिली आणि त्यावरून मॅनेजरची बोलणी खात राहिली.

मग गेल्या नोव्हेंबरात शैलेंद्रच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. चाळीस वर्षांच्या सिगारेटींनी पायातल्या रक्तवाहिन्या बुजल्या होत्या. सर्जनने स्पष्ट सांगितलं: मांडीतली शीर काढून बायपास करता येईल, पण सिगारेट चालू राहिली तर ती शीरही काही महिन्यांत बुजेल, आणि त्यासाठी मी पाय उघडणार नाही. जखम कोरडी आहे, आठ आठवडे थांबेल. आठ आठवड्यांनी रक्तात निकोटीनची खूण सापडली नाही तर बायपास. सापडली तर, आणि तोवर पाय बिघडला तर, गुडघ्याखाली कापावा लागेल. हे सांगताना त्याने हाताने आपल्याच पोटरीवर एक आडवी रेघ ओढून दाखवली. शैलेंद्र त्या रेघेकडे बघत बसला.

निकोटीनच्या पॅचने त्याच्या अंगावर पुरळ उठलं. निकोटीनच्या च्युइंग गमने दातांची कवळी निघाली. शेवटी क्लिनिकमधली केया नावाची बंगाली नर्स म्हणाली की, ही काही आमची पहिली पसंती नाही, पण पुन्हा पुन्हा भरता येणारं छोटं व्हेप, म्हणजे धुराऐवजी वाफ ओढायचं यंत्र, घ्या, आणि दर दोन आठवड्यांनी निकोटीन कमी करत शून्यावर या. सुनेत्राने पिशवीतून वही काढली.

दुसऱ्या दिवशी ती मॉलमागच्या व्हेपच्या दुकानात जाऊन उभी राहिली. दुकान चालवणारी सीमा लुधियान्याची होती. साठीला टेकलेली, कपाळावर टिकली लावलेली ही बाई आपल्या दुकानात काय करते आहे, हे तिला आधी कळेना. सुनेत्राने तिला दीड तास पिडलं. टाकी किती मिलीलीटरची, झाकण रबराचं की सिलिकॉनचं, कापूस कुठे असतो, तापणारी तार कशी बदलायची. तार आणि कापूस पॉडमध्ये, म्हणजे त्या टाकीतच असतात, सबंध पॉडच बदलायचा, असं सीमाने सांगितलं. "दो हफ़्ते चलेगा, आंटीजी, ज़्यादा से ज़्यादा तीन. फिर जला हुआ टेस्ट आता है." सुनेत्राने ते लिहून घेतलं आणि तीन वेगवेगळी यंत्रं घेऊन घरी आली.

पुढचे तीन दिवस जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. तिने तिन्ही यंत्रं भरून टिश्यू पेपरवर आडवी ठेवली, उलटी ठेवली, उणे बावीसमध्ये गॅरेजबाहेर दोन तास ठेवली, आणि कुठल्याखाली किती डाग पडतो ते पट्टीने मोजलं. एक थंडीत गळलं. एकाचं झाकण नखाशिवाय उघडेना. तिसरं काडेपेटीएवढं, करड्या रंगाचं; पॉड चुंबकाने टचकन बसायचा, टिश्यू कोरडा राहायचा. तिने पुण्यातल्यासारखा तक्ता आखला. गळती, दहापैकी दहा. भरण्याची सोय, नऊ. किती झुरके घेतले ते मोजायची सोय त्यात नव्हती, त्याचे दोन गुण कापले. एका रकान्यात मात्र तिने प्रामाणिकपणे लिहिलं: वास, परीक्षण शक्य नाही. कोविडने तिचं नाक नेलं होतं आणि ते परत आलंच नव्हतं. फोडणी जळली तरी ती धूर दिसल्यावर कळायची.

या तीन दिवसांत शैलेंद्र बायकोकडे बघत होता. ती गुणगुणत होती. ऊर्मीला मिसिसागाला फोन करून ती गळतीच्या चाचण्यांबद्दल सांगत होती आणि ऊर्मी तिकडून "आई, धिस इज सो यू" म्हणत हसत होती.

तक्ता फ्रिजवर लागला. रोज सकाळी सुनेत्रा ड्रॉपरने पॉड भरायची, रोज सकाळी आदल्या दिवशी किती संपलं ते लिहायची. दीड मिलीलीटर, कधी पावणेदोन. रविवारी दोनच्या वर. रविवारी त्याला एकटं वाटत असेल, असं तिच्या मनाने घेतलं आणि तिने ऊर्मीला बजावलं की रविवारी बाबांशी जरा जास्त वेळ बोलत जा. ऊर्मी बिचारी बोलू लागली. वीसचं निकोटीन बारावर आलं, बाराचं सहावर. चिडचिड, नाही. झोप, ठीक. यंत्र तो आपणहून चार्जिंगला लावायचा. सर्जनने रोज चालायला सांगितलं होतं म्हणून दुपारी लंगडत चक्कर मारून यायचा, आणि आल्यावर बराच वेळ हात धुवायचा.

जानेवारीत शून्य आलं. सातव्या आठवड्यातही पहिलाच पॉड चालू होता. दर आठवड्याला ती विचारायची, करपल्यासारखं लागतं का रे, आणि तो म्हणायचा, फर्स्ट क्लास आहे. तिने टिकाऊपणाच्या रकान्यात दहापैकी दहा लिहिले आणि पुढे कंसात लिहिलं, अपेक्षेपेक्षा उत्तम. दुकानदारांना काय, माल खपवायचा असतो, म्हणून दोन आठवडे सांगतात, असा तिने निष्कर्ष काढला. वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही पंपाने अपेक्षेच्या दुपटीहून जास्त काम केलं असतं, तर तिने आधी मोजणाऱ्यावर संशय घेतला असता. पण इथे नवरा होता, आणि तो तिला शूर वाटत होता.

गुरुवारी क्लिनिकची वेळ साडेअकराची होती. सकाळी आठला सुनेत्राने अखेरचं काम काढलं. कारखान्याचा नियमच होता: चाचणी संपली की नमुना उघडून बघायचा, तोवर अहवालावर सही करायची नाही. शैलेंद्र वरती दाढी करत होता. तिने सुरीच्या टोकाने पॉडचं बूड उचकटलं, छोट्या पकडीने तार बाहेर ओढली आणि चष्मा लावून बघितलं.

कापूस पांढरा होता.

तिने तो खिडकीशी नेला. तार नव्यासारखी चकचकीत होती. देवापुढे तेलात भिजवून ठेवलेली आणि पेटवायची राहून गेलेली वात दिसते, तसा तो कापूस दिसत होता. आठ आठवडे रोज दीड मिलीलीटर या कापसातून गेलं असेल तर तो काळा ठिक्कर पडायला हवा होता. ते गेलंच नव्हतं. तिला कळलं, आणि कळल्यावर ती खाली बसली. मग उठून तिने सगळे तुकडे एका वाटीत ठेवले, वर ताटली झाकली, आणि शैलेंद्रच्या पायाचं ड्रेसिंग बदलायला वर गेली. अंगठ्याच्या बाजूने आज ओल होती. तिने वर नवी पट्टी बांधली.

हॉस्पिटलच्या बहुमजली पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर तिने इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "दुसऱ्या दिवसापासून," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी ओढलं. नुसता खोकला आला गं. त्यात काही नव्हतंच."

"आणि ते लिक्विड?"

"वॉशरूमच्या बेसिनमध्ये. थोडं थोडं." मग खाली बघत, "रविवारी जास्त सांडायचो. रोज सारखंच आलं असतं तर तू पकडलं असतंस."

सुनेत्राला रविवारचे फोन आठवले. ऊर्मी ऑफिसची कामं बाजूला सारून बाबांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती, ते आठवलं. तिला राग आला.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "दुसरं काही शोधलं असतं. पाय आहे तो, शैलेंद्र."

"सांगणार होतो. त्या दिवशी सकाळीच सांगणार होतो. खाली आलो तर तू तक्ता लावत होतीस फ्रिजवर. पट्टी घेऊन. सतरा वर्षांत तुला तशी बघितली नव्हती." त्याने सीटबेल्ट काढला. "म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. मग ते राहूनच गेलं."

तिने दार उघडलं.

आत केयाने वजन घेतलं, रक्त घेतलं, आणि सिगारेट किती दिवस बंद आहे ते विचारलं. शैलेंद्र म्हणाला, आठ आठवडे. मग त्याने बायकोकडे बघितलं. सुनेत्राच्या पर्समध्ये तक्ता होता. आणायला केयानेच सांगितलं होतं. तिने तो काढून दिला. केयाने तो वाचला आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत असं काम कुठल्याच कुटुंबाने केलेलं नाही, म्हणाली, दुसऱ्या पेशंटना दाखवायला मी याची कॉपी काढून घेऊ का? सुनेत्राने एवढंच सांगितलं की त्यावर अजून सही व्हायची आहे. केयाला वाटलं ती लाजते आहे. ती कॉपी काढून घेऊन आली.

सर्जनने पट्टी सोडली आणि त्याचा चेहरा बदलला. जखम ओली झाली होती, सूज पावलापर्यंत चढली होती. आता थांबायला वेळ नाही, तो म्हणाला. रक्त स्वच्छ असेल तर सोमवारी बायपास करून बघतो, निदान पाऊल वाचेल. नसेल तर उपयोग नाही. निकाल उद्या येईल.

सुनेत्रा तोंड उघडून सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. पंप असो की रक्ताची बाटली, आयुष्यभर तिने मोजमापावर विश्वास ठेवला होता, आणि त्या खोलीत, त्या कागदी चादरीच्या पलंगाशेजारी उभं राहून, यंत्र बिघडावं, बाटल्यांची अदलाबदल व्हावी, निकाल चुकावा, अशी तिने मनापासून इच्छा केली. स्वतःची लाज वाटली तरी केली.

निकाल चुकला नाही. शुक्रवारी दुपारी केयाचा फोन आला. ती फार हळू बोलत होती आणि तक्त्याचा विषय तिने काढला नाही. सोमवारचीच तारीख होती. फक्त ऑपरेशन दुसरं होतं.

सुनेत्राने फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये गेली. शैलेंद्र फोल्डिंग खुर्चीवर जॅकेट घालून बसला होता, गॅरेजचं दार अर्धवट वर होतं, ड्राइव्हवेवर कोणीच शोव्हल न केलेला बर्फ होता. त्याने फोनची रिंग ऐकली होती. तिचा चेहरा बघून त्याने डाव्या पोटरीवरून हात फिरवला, आडवा.

"सोमवारी," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग त्याने टायरच्या ढिगामागे हात घातला आणि सिगारेटचं पाकीट काढलं. इतक्या वर्षांत तिच्यासमोर न विचारता त्याने कधी ओढली नव्हती. आताही तो थांबला होता. सुनेत्राने दुसरी खुर्ची उघडली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याने ओढलेल्या तीन काड्या विझल्या. चौथी तिने ओढून धरली.

धूर दाराकडे जाऊन बाहेरच्या थंडीत मिसळत होता. गेले आठ आठवडे त्याचा वास तिच्या शेजारी, तिच्या अंथरुणात, तिच्या उशीवर असला पाहिजे. तिने श्वास भरून घेतला, पुन्हा एकदा घेतला. तिला कशाचाच वास आला नाही.

"आत जा," शैलेंद्र म्हणाला. "गारठशील."

"तुझी होऊ दे," ती म्हणाली, आणि राख झेलायला रंगाच्या डब्याचं झाकण त्याच्यापुढे धरून बसली.