रंगूनचा हाफबॅक

"अगं मावशे, मेलो!" मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरच्या उंबरावरची माकडं उड्या टाकत पळाली.

बुधीने माझा गुडघा काही सोडला नाही. ही ठाकुरवाडीच्या वरच्या पाड्यावरची ठाकरीण म्हातारी. आमच्या घाटात कुणाचं हाड मोडलं, निसटलं की तो तिच्याच दारात यायचा.

"वरड, वरड. रंगूनला असाच वरडला व्हतास का रं?"

"तिथं डाक्टर होता."

"मंग त्यानं का नाय बसवला?"

पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. वीस पावलांवर रुळाच्या दांड्याशी माझा बाप, रेल्वेतला येसाजी सांधेवाला, पाठ करून उभा होता. पोटचा पोर मेलो म्हणून बोंबलतो आणि हा माणूस मान वळवत नाही? बा अबोल होता, तापट होता, पण इतका दगड नव्हता. मी पुन्हा हाक मारली, "बा!" त्याने शर्टाची बाही सारखी केली आणि घाटाकडे बघत राहिला.

बुधी खाली मान घालून पाला बांधत होती. "त्याला ऐकू येत नाय," ती हळूच म्हणाली. "लय वरसं झाली. कुनाला बोलू नको, हिरामण."

गुडघ्याचं दुखणं मी तिथेच विसरलो.

का, ते सांगतो. घाट उतरणाऱ्या गाडीचा भरवसा नसतो. ब्रेक गेले तर ती कर्जतपर्यंत कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणून आमच्याकडे एक आडफाटा काढलेला होता, चढावर जाऊन वाळूत संपणारा. सांधा, म्हणजे रुळांची वाट बदलणारा जोड, कायम त्या फाट्याकडे लावलेला असायचा. गाडीने वरच्या वळणाआड येऊन पुरतं थांबायचं, ड्रायव्हरने शिट्टी द्यायची, म्हणजे गाडी त्याच्या ताब्यात आहे. मगच सांधेवाल्याने दांडा ओढून तिला मुख्य रुळावर घ्यायची. आणि ती शिट्टी ऐकायला उभा कोण, तर आमचा बहिरा बाप!

मी लहान असताना, आई गेल्यावर, तो मला दांड्याशेजारीच बसवायचा. "गाडी सुटलेलीच हाय असं धरायचं, हिरामण," तो म्हणायचा. "थांबली असं कळंपत्तुर तिला वाट द्यायची नाय." मी जन्माचा भित्रा, मला हे शिकवावं लागलंच नाही. पुढे कर्जतला इंजिनशेडच्या मैदानावर रेल्वेच्या खलाशांबरोबर अनवाणी फुटबॉल खेळायला लागलो, तेव्हा त्यांनी मला हाफबॅक केलं, म्हणजे मैदानाच्या मधोमध. मी प्रत्येक बॉल हातचा गेलाच असं धरून आधीच मागे पळायचो. साहेबलोकांना वाटायचं, हा फार हुशार. हुशार कसला, घाबरट!

त्या घाबरटपणावर मी रंगूनपर्यंत पोचलो. तिथल्या एका भाताच्या गिरणीची टीम होती. कागदावर मी कारकून, पण पाच वर्षांत एका पोत्याला हात लावला नाही. काम एकच, फुटबॉल. धो धो पावसात, बूट घातलेल्या गोऱ्या सोल्जरांसमोर अनवाणी पायांनी. पेपरात माझा फोटो आला होता. पाचव्या वर्षी एका सोल्जरचा बूट गुडघ्यावर बसला आणि मी बोटीने घरी आलो. मागोमाग गिरणीचं पत्र आलं : जूनच्या एक तारखेला दोन्ही पायांवर उभा राहून हजर हो, नाहीतर येऊ नको.

म्हणजे सगळं त्या गुडघ्यावर होतं. बुधी म्हणाली होती, चाळीस दिवस पट्टी सोडायची नाही. मी दिवस मोजत होतो, आणि आता दांड्यामागच्या बाकडावर बसून बापालाही बघत होतो.

दोन दिवसांत सगळं ध्यानात आलं. बा शिट्टी ऐकत नव्हता, बघत होता! वाफेचं इंजिन शिट्टी घालतं तेव्हा पांढरा झुपका उडतो ना, तो वळणावरच्या झाडांवरून दिसायचा. झुपका दिसला की बा दांडा ओढायचा. एवढी वर्षं त्याने असंच निभावलं होतं. पण आता घाटात विजेची इंजिनं आली होती. त्यांना कुठली वाफ?

त्या आठवड्यात एक मालगाडी विजेच्या इंजिनाला लावून आली. बा डोळे बारीक करून झाडांकडे बघत होता. त्याचा हात दांड्यावर गेला, मागे आला, पुन्हा गेला. शिट्टी झाली नव्हती. मी कान टवकारून होतो, नव्हतीच झाली. आणि बाने दांडा ओढला.

ती गाडी सुटलेली असती तर? गाडी आली ती सावकाश आली, देवाची कृपा. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून शिव्या घातल्या, "येसाजी, शिट्टी दिली नव्हती अजून! झोपलास काय रे?" बाने हसून हात वर केला. गाडी गेल्यावर खाली बसला आणि दांडा ओढलेला हात मांडीखाली दाबून धरला.

त्याच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. बोलावं तर नोकरी जाणार, राहती खोली जाणार, आणि येसाजी बहिरा म्हणून खाली दहिवली गावापर्यंत बोभाटा. न बोलावं तर एखाद्या दिवशी माणसांनी भरलेली गाडी. मला जेवण जाईना.

चाळिसाव्या दिवशी बुधीने तिथेच, दांड्यामागे, पट्टी सोडली. "चाल."

चाललो. उडी मारली. उजव्या पायावर गिरकी घेतली. कळ नाही, काही नाही! मला रडूच फुटलं. शुक्रवारी कलकत्त्याची गाडी, तिथून बोट. "मावशे, सोन्याचा हात गं तुझा," मी म्हणालो.

तेवढ्यात वळणाआड शिट्टी झाली. विजेच्या इंजिनाची, पातळशी. बा खांबासारखा उभा. पुन्हा शिट्टी. बाची मान इकडे तिकडे व्हायला लागली, हात दांड्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. तो घाबरला होता. माझ्या बापाला एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पायाशी खडा होता. मी विचार केला नाही. उजव्या पायाने अलगद ढकलला आणि तो वीस पावलं घरंगळत जाऊन बाच्या टाचेला लागला.

बा वळला नाही. खाली खड्याकडे बघितलं. आणि दांडा ओढला.

गाडी गेल्यावर मी बुधीपुढे पाय केला. "परत बांध."

"काय?"

"पट्टी बांध, मावशे. गुडघा बसला नाय म्हनून सांग सगळ्यांना."

"चांगल्या पायाला बांधू? येडा झालास का रं? नासंल तो!"

"नासू दे. धडधाकट माणूस दिवसभर बापाशेजारी बसला तर लोक विचारतील. लंगड्याला कोण विचारतंय?"

ती मला शिव्या देत देत पट्टी आवळत राहिली. संध्याकाळी बाला खुणेने सांगितलं, पाय गेला. त्याने कपाळावर हात मारला. "मंग बस हितंच. लंगडा दुसरं काय करनार?" गिरणीला मी चार ओळींचं कार्ड टाकलं.

दोन वर्षं मी दांड्यामागे बसलो. शेजारी खड्यांची रास. शिट्टी झाली की खडा, डाव्या पायाने, कारण उजवा 'गेलेला'. एकदाही बाची टाच चुकली नाही. आणि एक दिवसही भीतीवाचून गेला नाही. रंगूनला माझ्या मागे गोलकीपर तरी होता. पावसात बोगद्यातून वारा शिट्टीसारखाच वाजायचा, तेव्हा खडा पायाखाली धरून मला घाम फुटायचा. इन्स्पेक्टर यायचा, माझ्याकडे बोट करून बाला विचारायचा, हा कोण? "माझा पोरगा, सायेब. रंगूनला खेळायचा. पाय गेला." साहेब चुकचुकायचा. आम्हा बापलेकांत खड्याबद्दल एक शब्द कधी झाला नाही.

शेवटच्या दिवशी दुपारची गाडी गेली. नव्या सांधेवाल्याच्या, पोशाच्या हातात बाने निशाणं दिली, दांड्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि खोलीच्या वाटेला लागला. मी मागे. झाडी आली, पोशा दिसेनासा झाला, तेव्हा बा न वळता म्हणाला, "आता नीट चाल रं. कुनी बघत नाय."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. दोन वर्षं.

मी पट्टी सोडून फेकली आणि उजवा पाय सरळ टाकायला गेलो. पाय वाकेना, सरळही होईना. पुन्हा टाकला. तो फरफटतच आला. बुधीने सांगितलं होतं तेच झालं होतं.

बा पुढे ताठ चालला होता. वाळल्या पाल्यावर माझा पाय सरसर ओढला जात होता, आणि त्याला ते ऐकू येत नव्हतं. त्याने मागे वळून बघू नये, एवढीच धास्ती धरून मी त्याच्या पाठोपाठ घरापर्यंत गेलो.