यादीतून कापलेलं नाव

विद्यापीठाच्या कर्मचारी दिनाची सूचना सर्वांत आधी कवडू शिपायानं वाचली, कारण फलकावर ती लावली त्यानंच होती. ‘सर्व कर्मचाऱ्यांनी उत्साहाने भाग घ्यावा,’ असं तीत लिहिलं होतं.

तो थेट मुख्य कारकून मनोहररावांच्या टेबलाशी गेला. “साहेब, हळू सायकलच्या शर्यतीत माझं नाव घ्या ना. बावीस वर्षं झाले, वाडीहून सायकलनंच येऊन राहिलो.”

मनोहररावांनी हसत नाव लिहिलं. पण यादी वरून, कुलसचिवसाहेबांकडून, परत आली ती शेरा घेऊन : ‘शिपाई ड्यूटीवर राहतील.’ मनोहरराव घुटमळले. दोन ओळींची विनंती लिहिता आली असती. पण साहेब चिडले तर? त्यांनी नावावर रेघ मारली. कवडूला सांगायचं धैर्यही त्यांना झालं नाही.

त्या दिवशी मैदान नुसतं गजबजलं होतं. डिसेंबरचं ऊन, पताका, लाउडस्पीकर. प्राध्यापक पोत्यात पाय घालून उड्या मारत होते. रस्सीखेचीत परीक्षा विभागानं लेखा विभागाला अक्षरशः लोळवलं! या हशा-टाळ्यांत कवडू चहाचा ट्रे घेऊन फिरत होता. त्याची मुलगी जया आईबरोबर वाडीहून मुद्दाम आली होती.

“बाबा, तुमचा नंबर कधी?” दोरीपलीकडून तिनं विचारलं.

“येईल वं. थांब जराशी.”

हळू सायकलचे स्पर्धक पुकारले गेले. सहा नावं झाली. कवडूचं नाव नव्हतं. तो घाईनं मनोहररावांकडे आला. “साहेब, माझं नाव काहून नाही आलं?”

“वरून हुकूम आला, कवडू. मी काय करणार?”

कवडू ट्रे घेऊन बाजूला झाला. शर्यत सुरू झाली, एकेकाचा पाय जमिनीला टेकत गेला आणि उरलेल्या एकासाठी टाळ्या झाल्या. जयानं बापाकडे पाहिलं. बापानं मान वळवली.

ग्रंथालयातल्या यमुताई मनोहररावांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मनोहरराव, हुकूम वरून आला असेल. पण तुम्ही एकदा तरी विचारलंत का?”

“मी साधा कारकून, यमुताई. माझं कोण ऐकतं?”

“कदाचित ऐकलं नसतं. पण निदान कवडूला सांगता तर आलं असतं! मग ती पोर इथे येऊन उभी राहिली नसती.”

मनोहररावांना चेहरा लपवावासा वाटला. ते उठले, कवडूला गाठलं. “चुकलो रे मी! पुढच्या वर्षी तुझं नाव पहिलं. साहेबांशी भांडेन, पण लिहीन!”

कवडू ओशाळं हसला. “पुढच्या वर्षी? मी तं मार्चमध्ये रिटायर होऊन राहिलो, साहेब.”

मनोहररावांनी दोरीपलीकडे पाहिलं. मायलेकी तोवर बसथांब्याकडे निघाल्या होत्या.

सोमवारी मनोहररावांनी अर्ज दिला : चहापाण्याचं काम सर्वांनी पाळीपाळीनं करावं. साहेब कपाळाला आठ्या घालून “बघू” म्हणाले. त्यांनी तीनदा आठवण करून दिली, तेव्हा कुठे मंजुरी आली. पुढच्या वर्षी चार शिपाई शर्यतीत उतरले. कवडूला निमंत्रण गेलं होतं. तो आला नाही.

वाचकहो, अन्याय करणारा दरवेळी दुष्टच असतो असं नाही. पुष्कळदा तो आपल्यासारखा भला, पण भित्रा माणूस असतो. म्हणून जे बोलायचं, ते वेळेवर बोला. उशिरा आलेलं शहाणपण दुसऱ्यांच्या उपयोगी पडतं, पण ज्याचं नाव आपण कापलं, त्याचा दिवस काही परत येत नाही!