दोष सगळा माहेरचा

मुलाचं काही चांगलं निघालं की तो बापावर गेलेला असे आणि वाईट निघालं की मामावर. नाक, आवाज, उंची घराण्याची. चष्मा, घोरणं आणि गणितातले भोपळे मामाकडचे. त्याच्या आईला भाऊच नव्हता, ही बारीकशी अडचण सासूबाईंना आजवर कधी जाणवली नव्हती.

त्यामुळे पंधरा वर्षांच्या पोराला तपासून डॉक्टरीणबाई "व्हेरिकोसील" म्हणाल्या, तेव्हा पोराचा बाप निश्चिंतपणे खुर्चीत रेलला.

"डाव्या वृषणावरच्या शिरा फुगल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिरांच्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त मागे उतरतं. या वयात बऱ्याच मुलांना होतं, घाबरू नका. पण ती बाजू जरा लहान राहिलीय, अधूनमधून तपासावं लागेल. बापाला किंवा भावाला असलं, तर मुलाला होण्याची शक्यता वाढते. घरात कोणाला आहे?"

"आमच्या घराण्यात? नाव काढू नका! हिच्या माहेरी विचारा."

झडपा आणि गळती यांवरच या माणसाचं पोट होतं. नळ दुरुस्त करायला गेला की लोकांच्या भिंती फोडून दोष शोधायचा. स्वतःची लाईन तपासायला मात्र त्याला सवड झाली नव्हती.

पोराच्या आईला हसू आलं आणि पाठोपाठ संताप. लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. सुया तिने टोचून घेतल्या, कडू औषधं तिने गिळली, जावेच्या बाळाला हात लावायची तिला चोरी झाली. एकदा "यांनाही तपासू या" म्हणाली, तर सासूबाई कडाडल्या होत्या, "पुरुषाला काय धाड भरलीय?"

"आई, माझ्यातच काहीतरी वाईट आहे का गं?" पोराने हळूच विचारलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "यांनाही तपासा."

"मला? मला कशाला?" म्हणत म्हणत तो पडद्याआड गेला. बाहेर आला तेव्हा पट्टा आवळण्यात त्याचा बराच वेळ गेला.

"डावीकडेच आहे," डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या. "जुनं दिसतंय."

"घाबरू नकोस, राजा," ती पोराला म्हणाली. "बाबांनाही हेच आहे. तरी तू झालासच ना." मग तिने विचारलं, "डॉक्टर, मूल व्हायला सात वर्षं उशीर यामुळे होऊ शकतो?"

"होऊ शकतो. का, तेव्हा यांना तपासलं नव्हतं?"

उत्तरासाठी तिने नवऱ्याकडे बघितलं. पोरगाही बापाकडेच बघत होता.