यादीबाहेरचा विद्यार्थी

उत्तमरावने कापसाच्या गाठोड्यात हात खुपसून मूठभर रुई बाहेर काढली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणली आणि तंतू किती लांब निघतो ते उन्हाकडे धरून पाहिलं. मग ती फुंकून टाकून तो पुढच्या गाडीकडे वळला. तीन गाड्या मागे, बैलांच्या सावलीत, शेषराव पंतोजी घडी केलेला कागद धरून उभे होते. सकाळपासून ते असेच एकेका गाडीने पुढे सरकत होते.

"पंतोजी, तुमी बसा नं कुठी," उत्तमराव मागे न पाहता म्हणाला. "हे काही इतक्यात सरत नाही."

"उभाच बरा आहे."

शके सतराशे शहाऐंशीचा मार्गशीर्ष चालू होता. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि अकोल्याच्या बाजारात रुईला आजवर कुणी ऐकला नव्हता असा भाव होता. उत्तमराव मुंबईच्या एका पेढीसाठी माल पारखायचा. वीस वर्षांपूर्वी तो नांदगाव खंडेश्वरच्या देवळाच्या ओवरीत शेषरावांपुढे बसून पावकी-निमकी म्हणत असे.

ती शाळा अजून ओवरीतच भरत होती. पावसाळ्यापूर्वी अमरावतीहून सरकारी कागद आला होता. गावाने गुढीपाडव्यापर्यंत इमारतीची तजवीज केली, तर सरकार शाळा चालवील, मास्तराला महिना बारा रुपये देईल, पुस्तकं आणि नकाशे पाठवील. नाही तर शाळा शेजारच्या गावाला जाईल. पाहणीला आलेल्या शाळाखात्याच्या डिपुटी साहेबांनी जाता जाता सांगितलं होतं, की सध्याचे पंतोजी मोडीत आणि हिशेबात पक्के आहेत, त्यांनाच ठेवायला हरकत नाही. तीस वर्षं घरोघरच्या पायलीभर जोंधळ्यावर संसार केलेल्या शेषरावांनी ते वाक्य पत्नीला दोनदा सांगितलं होतं.

गावाने आधी देवळाचा कळस करायचं ठरवलं. तेव्हा शेषरावांनी आठवून आठवून जुन्या विद्यार्थ्यांची यादी केली. गाव सोडून गेलेले, कापसात बरे दिवस आलेले, असे सव्वीस जण निघाले. प्रत्येकाला त्यांनी आपल्या वळणदार मोडीत पत्र लिहिलं. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी पार्बताबाईंनी त्या पत्राचा मसुदा नवऱ्याकडून वाचून घेतला.

"यात नुसतं मागणंच आहे," त्या म्हणाल्या. "लेकराची विचारपूस कुठं आहे? वीस वर्षांनी भेटता, अन् आधी झोळी पुढं करता?"

मग शेषराव स्वतः निघाले. यादीतल्या पहिल्या, नत्थुजीकडे त्यांनी आधी विहिरीला पाणी किती लागलं ते विचारलं, लेकीचं लग्न कुठे जमलं ते ऐकून घेतलं, जेवले, आणि निघताना कागद काढला. नत्थुजीने खळखळ केली नाही. हळूहळू शेषरावांच्या लक्षात आलं, की आपण काय शिकवलं ते कुणालाच नीट आठवत नाही. आठवत होती ती ओवरीवर उतरणारी माकडं, खोबऱ्याचा प्रसाद आणि छडी. छडीची आठवण सांगताना सगळे हसत. शेषरावही हसत.

दुपारी उत्तमरावने भाकरी सोडली, पंतोजींना शेजारी बसवलं आणि कागद वाचून आपल्या नावापुढे वर्गणीचा आकडा घातला. मग पुन्हा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"याच्यात खुशालराव नाही."

"कोणता?"

"कोणता म्हंजे? जयवंताबाईचा. अमरावतीले एवढी मोठी वखार आहे त्याची. एकटा सारी इमारत बांधून देईन. दोन साल होता नं आपल्या शाळेत."

शेषरावांनी कागद परत घेतला आणि त्याच घडीवर पुन्हा दुमडला.

"असेल," ते म्हणाले.

"माही गाडी उद्या अमरावतीले चालली. बसून जा तिच्यात."

आतापर्यंत जमलं होतं त्यात भिंती उभ्या राहिल्या असत्या. छप्पर होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेषराव गाडीत बसले.

खुशालरावची वखार अमरावतीच्या परकोटाबाहेर होती. तो गादीवर बसला होता आणि मुनीम त्याला एक पत्र वाचून दाखवत होता. पंतोजींना पाहताच त्याने मुनिमाला बाहेर पाठवलं, उठून दुरूनच नमस्कार केला, दूध मागवलं. तिशी ओलांडलेला, अंगाने भरलेला गृहस्थ. शेषरावांनी पार्बताबाईंच्या सांगण्याप्रमाणे आधी आईची, मुलाबाळांची, पिकाची चौकशी केली. त्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं.

"मोठं नाव काढलंत तुम्ही," शेषराव म्हणाले. उत्तमरावला ते अरे-तुरे करत आले होते. इथे तोंडातून आपोआप तुम्ही निघालं.

"कागद आणला असन तुमी."

शेषरावांनी कागद पुढे केला. खुशालरावने तो हातात घेतला नाही.

"वाचा."

शेषरावांनी सव्वीस नावं वाचली. खुशालराव शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"माहं नाव नाही."

"नाही."

"इसरले?"

बाहेर काट्यावर वजनं पुकारली जात होती. शेषरावांनी दुधाचा पेला खाली ठेवला.

"नाही. आठवत होतं, म्हणून घातलं नाही."

खुशालरावने डावा हात दोघांच्या मध्ये गादीवर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मधल्या पेरात वाकून तसंच राहिलं होतं.

"डाव्या हातानं लिवतो म्हून तुमी रूळ मारला. हात सुजला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच अजून मारला. उजव्यानं मले कधी जमलं नाही, अन् डावा मंग उचलायची हिंमत झाली नाही. अक्षर राहूनच गेलं. आता एवढाले सौदे करतो, अन् कागद मुनीम वाचते. तो वाचीन तेच खरं."

"पद्धत होती तशी. डाव्या हाताने अक्षर काढू देत नसत. मलाही तसंच शिकवलेलं होतं."

"मी पद्धतीचं नाही विचारून राहिलो, पंतोजी."

खुशालरावने थोडा वेळ वाट पाहिली आणि हात उचलून मांडीवर घेतला.

"इमारत मी देतो," तो म्हणाला. "सारी. परतवाड्याहून साग आणतो, छपरावर कवेलू घालून देतो. बाकीच्यायचं जमलं ते पाट्यायले, पुस्तकायले ठेवा. एकच अट आहे. त्या शाळेत तुमी शिकवायचं नाही."

शेषरावांना वाटलं, आपल्याला राग येईल. तो आला नाही. आधी बारा रुपये आठवले, मग पार्बताबाई, मग ओवरीत पावसाची झड आली की पाटी पोटाशी धरून खांबामागे सरकणारी मुलं.

"लिहून हवं?"

"पाहिजे. तुमीच लिवा."

मुनिमाच्या मेजावरचा बोरू आणि दौत घेऊन शेषरावांनी लिहिलं. इतकी वर्षं ज्या वळणाने ते मुलांना कित्ता घालून देत, त्याच वळणाने अटही लिहिली. एकही खाडाखोड झाली नाही. त्यांनी वाचून दाखवली. खुशालरावने बोरू डाव्या हातात घेतला आणि खाली सहीच्या जागी नांगर काढला. कुणबिकीत निरक्षर माणूस काढतो तसाच, तीन रेघांचा.

घरी आल्यावर शेषरावांनी पार्बताबाईंना सांगितलं, की इमारत झाली म्हणून समज, पण सरकारला आता तालीम घेतलेला मास्तर हवा आहे.

"साहेब तर तुम्हालाच ठेवतो म्हणाले होते."

"साहेबांचं काय, आज एक म्हणतात, उद्या दुसरं."

पार्बताबाईंनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि सुपातला जोंधळा पाखडायला घेतला. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

माघात सागाच्या गाड्या आल्या. वैशाखात अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली आणि पाठोपाठ रुईचा भाव कोसळला. उत्तमरावची पेढी बुडाली, त्याने घातलेला आकडा कागदावरच राहिला. शेषरावांनी त्याला आठवण करून दिली नाही. खुशालरावने दोन वखारींपैकी एक विकली असं लोक सांगत. कवेलू मात्र ठरल्या दिवशी आले, आणि ते चढवायला गवंडीही त्यानेच धाडले.

दसऱ्याला शाळा उघडली. अकोल्याहून विशीतला मास्तर आला होता, त्याने भिंतीवर हिंदुस्थानचा रंगीत नकाशा लावला. मुलं एक्क्याऐंशी भरली. डिपुटी साहेबांनी ती मोजली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, की इतक्यांना एक मास्तर पुरणार नाही, पंतोजींनी मदतनीस म्हणून राहावं, पगाराचं आपण वर लिहू.

खुशालराव दाराशी उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. शेषरावांनीही पाहिलं नाही.

"डोळ्यांना नीट दिसत नाही आता," ते म्हणाले. "मुलांचं नुकसान होईल."

साहेबांनी आग्रह केला नाही. हारतुरे झाले, खोबरं-साखर वाटली. खुशालराव दारातून आत आला नाही. नकाशापुढे मुलांची गर्दी झाली तेव्हा तो गाडी जुंपायला सांगून निघून गेला.

दिवाळीनंतर शेषराव आठवडी बाजारात, कडुलिंबाखाली घोंगडी टाकून बसू लागले. लोकांचे अर्ज लिहायचे, पत्रं लिहायची, आलेली वाचून दाखवायची. कुणी पैसा देई, कुणी वांगी. डोळे अधू झालेला माणूस इतकं बारीक अक्षर कसं काढतो, असं एकदोघांनी विचारलंही.

तिसऱ्या बाजाराला जयवंताबाई आल्या. खुशालरावची ही आई शेत सोडून मुलाकडे अमरावतीला राहायला कधी गेली नव्हती. पदरातली जोंधळ्याची पुरचुंडी घोंगडीच्या कडेला ठेवून त्या समोर बसल्या.

"खुशालले पत्र लिवा, पंतोजी."

"सांगा."

"लिवा का मी बरी हाव. गाय व्याली, गोऱ्हा झाला. तूर चांगली आहे. वखार गेली तं जाऊ दे, जिवाले लावून घेऊ नको." त्या थांबल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अन् लिवा. तुहा हात सुजून आला, त्या दिवशी तू रडून राहिला होता का आता जात नाही म्हून. मीच तुले दंडाले धरून पुन्हा ओवरीत नेऊन बसवलं. पंतोजीले म्हणलं, चामडं तुमचं, हाडं आमची. माही चूक झाली."

शेषरावांचा बोरू थांबला.

"हे त्याला मुनीम वाचून दाखवील, जयवंताबाई."

"दाखवू द्या. मले काहाची लाज?"

"तुम्ही असं म्हणायची रीतच होती. सगळेच आईबाप म्हणत."

"रीत मले सांगू नका. मी सांगतलं तसं लिवा."

शेषरावांनी बोरू दौतीत बुडवला आणि लिहिलं. बाजारात गूळवाला ओरडत होता. जयवंताबाई त्यांच्या हाताकडे पाहत होत्या. अक्षर येत नसलं तरी ओळ संपते कुठे ते त्यांना दिसत होतं. ओळ संपली. शेषराव थांबले, पुन्हा बोरू बुडवला, आणि हात खालच्या ओळीवर गेला.

"मी तं एकदाच सांगतलं," त्या म्हणाल्या. "तुमी हे दुसरं काय लिवून राहिले?"

"तेच," शेषराव म्हणाले. "माझ्याकडून."