नेत्राचं वेगळं पातेलं

"नाव आणि पत्ता, एवढंच लिहायचं," सुगिउरा-सान म्हणाली आणि फळीला लावलेला कागद तिनं माझ्यापुढे धरला. माझ्या मुलीच्या, नेत्राच्या वर्गातल्या एका मुलाची ही आई. शाळेचं स्वयंपाकघर खाजगी कंपनीला देऊ नका, असा पालकांचा अर्ज होता.

मी पेन हातात घेतलं तेवढ्यात आतून माझ्या नवऱ्याचा, गुणवंतचा आवाज आला. "नयना, थांब जरा. आपण इथे व्हिसावर आहोत. त्यांचं सरकार, त्यांचं भांडण. आपण कशाला मध्ये?"

"अरे, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या कुसाका-सानची नोकरी जातेय."

"तुझ्या एका सहीनं ती राहणार आहे का?"

सुगिउरा-सानला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला असावा. "नंतर दिलीत तरी चालेल," असं म्हणून ती हसून गेली. नंतर मी सही दिली नाहीच. रस्त्यात भेटली तेव्हा विसरले म्हणून सांगितलं. विसरले कसली, डोंबल!

ही अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आम्ही तेव्हा जपानमध्ये, कावासाकीला राहत होतो. सरकारनं खर्चाला कात्री लावल्याच्या बातम्या रोज टीव्हीवर असायच्या आणि मी चॅनल बदलायचे. बजेट म्हणजे काय, तर आदल्या वर्षी विक्रीकर तीनवरून पाच टक्के झाला तेव्हा मी साबणाची खोकी साठवून ठेवली, एवढीच माझी अक्कल. वरून येणारा पैसा आटला की खाली शाळांपर्यंत काटछाट पोचते, हे माझ्या गावीही नव्हतं. आमच्या शाळेतल्या कायम नोकरीच्या स्वयंपाकिणींना दुसऱ्या खात्यात हलवलं. कुसाका-सान मात्र अकरा वर्षं कंत्राटावर होत्या, दर मार्चमध्ये कागद नवा व्हायचा. या मार्चमध्ये होणार नव्हता.

त्या बाईंचे आमच्यावर किती उपकार! पहिलीत गेल्यावर नेत्रा रोज उपाशी घरी यायची. इथे सगळ्या मुलांना शाळेतच जेवण, आणि साध्या भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशाच्या किसाचं पाणी. नेत्रा ताटाला हात लावेना. एक दिवस कुसाका-सान स्वतः फाटकाशी आल्या, पांढरी टोपी तशीच डोक्यावर. "ही काय खाते?" त्यांनी विचारलं. माझं जपानी तेव्हा मोडकंतोडकं. डिक्शनरी काढून, हातवारे करून मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या कढईशेजारी नेत्राचं एक छोटं पातेलं चढायला लागलं, माशाच्या पाण्याशिवायचं. ना अर्ज, ना विनंती. माझी पोरगी दोन वर्षं पोटभर जेवली ती या बाईंच्या जिवावर.

आणि मी काय केलं, ते ऐका.

पालकांच्या अर्जाचा उपयोग झाला नाही; मार्चच्या सुरुवातीला, स्वयंपाकघर घेतलेल्या कंपनीचं पत्रक टपालपेटीत पडलं. शाळेच्या स्वयंपाकघरात पार्टटाइम बायका हव्यात, नऊ ते दोन. गुणवंतचा ओव्हरटाइम मंदीमुळे बंद झाला होता, आणि घरात बसून मलाही कंटाळा आला होता. शिवाय आपण आत असलो तर नेत्राचं पातेलं आपल्याच हातात, असं मी मनाला पटवलं. मनाला काय, आपल्या सोयीचं काहीही पटतं.

मुलाखत घेणारा निशिओ-सान तिशीचा असेल. कंपनीचं जाकीट, समोर कागदांची चळत. माझे कागद बघून तो म्हणाला, "या शाळेत आता एकच जागा उरली आहे. जुन्या कुसाका-साननीही अर्ज केलाय. तुम्ही पालक आहात. त्यांचं काम कसं आहे?"

त्यांनी अर्ज केलाय हे मला ठाऊकच नव्हतं. मी उत्साहानं म्हणाले, "फार चांगलं! माझी मुलगी मासे खात नाही, तर तिच्यासाठी दोन वर्षं रोज वेगळं पातेलं ठेवतात."

त्याचं पेन थांबलं. "वेगळं? कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी कसली? स्वतःहून!" मी अगदी कौतुकानं सांगितलं. आपल्याकडे लेकरासाठी नियम बाजूला ठेवणाऱ्या माणसाला देवमाणूस म्हणतात.

त्यानं काहीतरी लिहिलं. "ठरलेल्या यादीबाहेरचं अन्न, एका मुलीला, तेही रोज. काही झालं असतं तर? अशा सवयी सुटत नाहीत."

त्यांची चूक नाही, ते सगळं माझ्या मुलीसाठी झालं, असं म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. तेवढ्यात त्यानं पान उलटलं आणि विचारलं, "तुम्ही एक एप्रिलपासून येऊ शकाल?"

"हो," मी म्हणाले.

घरी नेत्रानं आनंदानं "याता!" म्हणून उडी मारली, आई शाळेत येणार म्हणून. मग जपानीतच विचारलं, "कुसाका-सानपण असणार ना?"

"नाही ग. त्या दमल्या आता." आठ वर्षांच्या पोरीशी मी खोटं बोलले.

रात्री गुणवंतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू मुद्दाम थोडंच केलंस?"

"बोलले ते मुद्दाम नाही. पण नंतर गप्प बसले ना, ते मुद्दाम."



एकतीस मार्चला आम्हा नव्या बायकांना स्वयंपाकघर बघायला बोलावलं. भांडी, वाफेच्या कढया दाखवायला कोण, तर कुसाका-सान! मला बघून त्या थबकल्या. आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"नयना-सान, तुम्ही? किती बरं झालं! आता नेत्रा-चानची काळजी मिटली माझी."

त्यांनी मला हाताला धरून कोपऱ्यात नेलं आणि हळू आवाजात सांगायला लागल्या. समुद्री शेवाळाचा तुकडा अर्धा तास भिजवायचा, उकळी यायच्या आत काढायचा, वाळवलेले मशरूम घातले की माशाची गरजच पडत नाही. मध्येच म्हणाल्या, "मला नाही घेतलं त्यांनी. अठ्ठावन्न वय, दुसरं काय!"

वय नव्हे, मी! मी तोंड उघडलं, पण दारात निशिओ-सान यादी घेऊन उभा होता. त्याच्या मागे भिंतीवर नव्या नियमांचा कागद होता, आणि त्यात लिहिलं होतं, कोणत्याही मुलासाठी वेगळं काही शिजवू नये. ती ओळ माझ्याच बोलण्यातून आली होती. ती वाचून झाल्यावरही मी गप्प राहिले.

"कळलं ना, कसं करायचं ते?" कुसाका-साननी विचारलं.

"हो, कळलं."

"तिला पोटभर वाढा हं." असं म्हणून त्या कमरेत वाकल्या, माझे आभार मानायला.

मीही वाकले. त्या सरळ झाल्या, टोपी काढून त्यांनी घडी केली, मागच्या दारानं बाहेर गेल्या. सायकलचं स्टँड वाजलं. मी तशीच वाकलेली होते. निशिओ-साननं दोनदा हाक मारली, तरी मला मान वर करवेना.